आंधळ्या उजेडातला फोटो

नवरा-नवरीला ‘हसा’ म्हणायचं मी सोडून दिलं त्याला आता बरीच वर्षं झाली. ‘हसा’ म्हटलं की माणूस हसत नाही, दात दाखवतो. चांगली बोलकी पोरगी असते, पण कॅमेरा पुढे आला की तिची मान अशी ताठ होते, की वाटावं मागून कुणीतरी वेणी धरून ठेवलीय. आणि नवरदेव? त्याला स्वतःच्या हातांचं काय करायचं तेच सुचत नाही. आधी खिशात, मग कमरेवर, मग बिचारा ते नुसते लोंबकळत सोडून देतो.

म्हणून मी पोज देत नाही, काम देते. “दोघं मिळून ही होडी ढकला बघू.” “तिच्या केसात काडी अडकलीय, ती काढ.” काडीबिडी काही नसते, पण शोधताना पोरगा हात विसरतो. “त्याच्या कानात सांग, काल रात्री काय जेवलीस.” पोरगी कानात ‘दोडका’ म्हणते आणि दोघं फिसकन हसतात, तो माझा फोटो. हात हातात धरायचा नाही, नुसती करंगळी अडकवायची. एकमेकांकडे बघायचं नाही, दोघांनी मिळून तिसरंच काहीतरी बघायचं. वजन मागच्या पायावर, ऊन पाठीमागून. बास. एवढ्या भांडवलावर मी संसार केला.

मी उज्ज्वला मल्लाव. उजनीच्या पाण्याकाठी, भिगवणच्या बाजूला, लग्नाचे फोटो काढते. होडी आमच्या दशरथरावांची. दशरथराव म्हणजे माझे मालक. पूर्वी मासेमारी करायचे. निम्म्या पाण्यावर सौरपट्ट्या तरंगायला लागल्या तशी जाळी टाकायची जागा आखडली आणि ते माझ्या हाताखाली आले. होडी वल्हवतात, थर्मोकोलचा पांढरा पत्रा धरून चेहऱ्यावर उजेड पाडतात, आणि मी कुणावर खेकसले की माझ्या पाठीमागून त्या माणसाला डोळा मारतात. त्यामुळे गिऱ्हाईक मला घाबरतं आणि त्यांच्यावर जीव टाकतं. अशी आमची वाटणी.

मग ‘सहज’ आला. सहज म्हणजे कॅमेरा. माणूस कधी मोकळा झालाय ते ओळखून आपणहून फोटो घेणारा. मला वाटलं, झालं, आता आपण गाशा गुंडाळायचा.

त्याचं गणित सोपं आहे. मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. हृदयाचा ठोका पडला की चेहऱ्याकडे रक्ताची एक लाट येते. तेवढ्यापुरती कातडी अगदी किंचित गडद होते, लाट ओसरली की पुन्हा उजळते. आपल्या डोळ्यांना हे दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. आणि सगळ्यात चांगलं दिसतं ते उजेडातल्या हिरव्या भागात, कारण रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. म्हणजे मनगटाला हात न लावता नाडी! आता दुसरी गंमत ऐका. धडधाकट हृदय घड्याळासारखं ठोके देत नाही. श्वास आत घेतला की ते जरा पळतं, सोडला की जरा रेंगाळतं. माणूस निवांत असला की हे पळणं-रेंगाळणं ऐसपैस होतं. भ्यायला, अवघडला की हृदय आखडून एकसारखं चालतं. सहज त्या ऐसपैसपणाची वाट बघतो आणि तो दिसला की फोटो घेतो. बटण दाबायचं कामच नाही.

माझं दुकान काही बंद पडलं नाही. यंत्र वाट बघतं हो, पण माणसाला मोकळं करणार कोण? ते शेवटी माझ्याच गळ्यात.

पण कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. तिने दोन चेहरे एकदम वाचायला सुरुवात केली. दोन माणसं जवळ बसून निवांत झाली की त्यांचे श्वास नकळत एकमेकांच्या मागोमाग चालायला लागतात, आणि श्वासांमागून हृदयं. एकाचं पळालं की दुसऱ्याचं पळतं, एकाचं रेंगाळलं की दुसऱ्याचं रेंगाळतं. हे किती जुळतं त्याचा शंभरपैकी आकडा फोटोच्या कोपऱ्यात यायला लागला. त्याला म्हणायचं ‘ताल’. कंपनीच्या लेखी ही गंमत होती. पण आपली माणसं! शंभरपैकी आकडा दिसला आणि आपण तो सोडून दिला, असं कधी झालंय? आधी लोक लग्नानंतर हौसेने ताल बघायचे. मग साखरपुड्यात बघायला लागले. आणि आता सुपारी फोडायच्या आधीच मुला-मुलीला माझ्यापुढे आणून उभं करतात. पत्रिका, शिक्षण, शेती आणि ताल. साठच्या खाली आला की मुलीकडचे म्हणतात, “कळवतो.” आणि ‘कळवतो’ म्हणजे काय, ते मुलाकडच्यांना तिथल्या तिथं कळतं.

ताल बघायचा तो मावळतीलाच. दुपारच्या उन्हात कपाळाला आठ्या, डोळे बारीक, घाम; कसला ताल येतोय! मावळतीला ऊन तिरकं होतं, सावल्या मऊ पडतात, माणसाचा आवाजसुद्धा खाली येतो. फक्त एक अडचण. सूर्य पाण्याला टेकायला आला की त्याच्या उजेडाला हवेच्या फार लांब थरातून यावं लागतं. निळा रंग तर केव्हाच वाटेत विखुरलेला असतो, मग हिरवाही जातो, आणि उरतो नुसता तांबडा. तांबड्यात यंत्राला नाडी दिसत नाही. पडद्यावर आकड्यांच्या जागी रेघा येतात. आम्ही त्याला आंधळा उजेड म्हणतो. खरं सांगायचं तर फोटोला त्याच्यासारखा उजेड दुसरा नाही. सावळं गोरं सगळं एकाच रंगात न्हातं. पण आकडाच येणार नसेल तर फोटो काढून करायचंय काय? लोक सामान आवरून गाडीकडे निघतात आणि मी एकटी ते लाल पाणी बघत बसते. फार वाईट वाटतं तेव्हा.

“उज्ज्वलाताई, तुमचा आणि दशरथदादांचा ताल किती हो?” हे मला दर गिऱ्हाईक विचारतं. मी म्हणते, “आमचा मोजायच्या पलीकडचा.” लोक हसतात. खरी गोष्ट अशी, की मी तो कधी काढलाच नाही. भीती वाटते मला. समजा अडतीस आला तर? एवढी वर्षं सुखाने भांडलो. मग उद्या आमटीत मीठ जास्त पडलं की हे मनात म्हणतील, अडतीसच ती. आणि हे घोरले की मीही तेच म्हणेन. नकोच ते. दशरथरावांनीही कधी विषय काढला नाही.

यंदा रोहित पक्षी पाण्यावर उतरले त्या सुमाराला इंदापूरचे नितीनराव खराडे माझ्याकडे आले. द्राक्षांची मोठी बाग, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजून.

“धाकटीचं जमतंय. ईश्वरीचं,” ते म्हणाले. “मुलगा दौंडच्या शितोळ्यांचा, मल्हार. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. वडील नाहीत, आईने वाढवलाय. पोरगा मला आवडलाय. पण ताल सत्तरच्या वर आल्याशिवाय सुपारी फोडणार नाही.”

“सत्तर? लोकांना साठ पुरतो, नितीनराव.”

“लोकांची पोरगी परत आलेली नाही.”

त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, “थोरलीच्या वेळी गुण बघितले. छत्तीसपैकी बत्तीस. गुरुजी म्हणाले, असा जोडा बघायला मिळत नाही. वर्षाच्या आत घरी आली ती. अजून धड जेवत नाही. कुणाला दोष देऊ? पण आता डोळ्यांनी बघितल्याशिवाय पोर देणार नाही मी. तुमचा ताल खोटा नसतो असं सगळे म्हणतात, म्हणून तुमच्याकडे आलो.”

सत्तरवर घासाघीस करायचं मी सोडून दिलं. वहीत तारीख लिहून घेतली.

ठरल्या संध्याकाळी मंडळी काठावर आली. नितीनराव, त्यांची मंडळी अश्विनीवहिनी हातात चिवड्याचा डबा घेऊन, अबोली साडीतली ईश्वरी, मल्हार, आणि त्याची आई स्वातीताई. स्वातीताई एक शब्द बोलत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या.

“मावशी, तुम्ही फार ओरडता असं ऐकलंय,” ईश्वरी म्हणाली.

“अजून सुरुवात कुठं केलीय!” मी म्हटलं. “पदर भिजव तो पाण्यात. भिजव म्हणते ना! आता दोघांनी दोन टोकं धरून पिळा.”

पोरांनी पदर पिळला. पाणी उडालं ते थेट दशरथरावांच्या तोंडावर, आणि मल्हार असा काही मनापासून हसला की मी म्हटलं, आला ताल. खांदे सैल, गुडघे सैल, हात कुठं आहेत त्याचा पत्ता नाही. माझे डोळे सांगत होते, हा पोरगा मोकळा झालाय.

कॅमेरा गप्प.

मी पडद्यावर बघितलं. ईश्वरीच्या नाडीचा आकडा वर-खाली होत होता. मल्हारचा सत्तर. पुन्हा सत्तर. पुन्हा सत्तर. ताल चार.

मी दोघांना एकच वल्हं दिलं. ही माझी हुकमी युक्ती. एकत्र वल्हं मारलं की श्वास आपोआप एकत्र पडतो आणि ताल सरसर चढतो. चढला नाही. तीन झाला. यंत्र बिघडलं म्हणून मी ते दशरथरावांकडे फिरवलं, तर त्यांची नाडी चांगली चढत-उतरत होती. पुन्हा मल्हारकडे फिरवलं. सत्तर.

जिवंत माणसाचं हृदय असं चालत नाही. भिंतीवरचं घड्याळ चालतं. मी मान वर केली तर स्वातीताई पोराकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. आणि मला समजलं.

“किती आला?” मागून नितीनरावांनी विचारलं.

“थांबा हो, पोरं अजून बुजलेली आहेत,” मी म्हटलं. “जरा होडीतून फिरवून आणते.”

काठापासून लांब आल्यावर मी सरळ विचारलं, “केव्हा बसवलं रे ते छातीत?”

मल्हार एकदम पांढरा पडला. मग म्हणाला, “अकरा वर्षांचा होतो. शाळेत चक्कर येऊन पडायचो. हृदयाला ठोक्याची आज्ञा देणारा भाग असतो, तो माझा जन्मापासून अशक्त आहे. मग हे यंत्र, पेसमेकर, आज्ञा देतं. जोरात धावलो की थोडं वाढवतं, एरवी सत्तरला धरून ठेवतं. नवी यंत्रं श्वासाबरोबर हलतात म्हणे. माझं जुनं आहे. डॉक्टर म्हणतात, चांगलं चाललंय तोवर छेडायचं नाही.”

मी ईश्वरीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“तुला ठाऊक आहे तर.”

“पहिल्याच दिवशी सांगितलं यानं,” ती म्हणाली. “पाहायला आले तेव्हा आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं. मी पोह्यांची बशी पुढे केली. तर हा म्हणतो, आधी माझं ऐकून घ्या, मग पोहे द्यायचे का ते ठरवा.”

“आणि तू दिलेस.”

“दोनदा दिले.”

“आईला माहीत नाही की हिला माहीत आहे,” मल्हार म्हणाला. “खरं सांगितल्यावर दोन स्थळं गेली. आईनं धसका घेतला. या वेळी म्हणाली, सुपारी फुटेपर्यंत शब्द काढायचा नाही. ताल बघणार हे कळल्यावर नाही म्हणायची सोय राहिली नाही. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं.”

ईश्वरीने माझा हात धरला. “मावशी, ताल येणारच नाही ना? याचं हृदय हलतच नाही तर येणार कुठून? तुम्हीच काहीतरी आकडा टाका ना. पंच्याहत्तर टाका. बाबा तुमच्या शब्दाबाहेर नाहीत.”

“मी तिला नको म्हणालोय,” मल्हार म्हणाला.

“तू गप्प बस!” ती त्याच्यावर ओरडली आणि रडायला लागली.

मला राग आला. कुणाचा ते मला सांगता येणार नाही. पोरीचा नाही, एवढं नक्की. मी म्हटलं, “नाही टाकणार. माझं नाव जाईल म्हणून नव्हे, जाऊ दे गेलं तर. पण तो फोटो तुमच्या घरात भिंतीवर लागणार. रोज त्या खोट्या पंच्याहत्तरकडे बघत भाकरी खाल? आणि तुझा बाप एकदा फसलाय गं. त्याला दुसऱ्यांदा मी फसवू?”

“मग?”

“मग काठावर जाऊन सांग. तू सांग. यानं नाही, याच्या आईनं नाही. तू.”

“बाबा मोडतील.”

“मोडतील कदाचित.”

दशरथराव इतका वेळ वल्हं गुडघ्यावर ठेवून ऐकत होते. ते म्हणाले, “मोडलं तर होडी हायेच की. पलीकडच्या काठाला सोडतो दोघांना. भाडं घेणार न्हाई.”

रडता रडता पोरगी हसली. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण मनातून बरं वाटलं.

काठाला लागल्यावर ईश्वरी वडिलांसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. अडखळत नाही, लपवत नाही. नितीनरावांचा चेहरा असा झाला, जणू कुणी थोबाडीत मारलीय. ते स्वातीताईंकडे वळले.

“तुम्ही फसवत होता आम्हाला.”

“होय,” स्वातीताई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकला मी. “दोनदा खरं सांगून बघितलं. तिसऱ्यांदा जीभ उचलली नाही. पोराची काही चूक नाही यात. त्याला बोल लावू नका.”

“मला नाही कुणी फसवलं, बाबा,” ईश्वरी म्हणाली. “यानं मला आधीच सांगितलं होतं.”

“तू सांगितलंस?” स्वातीताईंनी पोराकडे बघितलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

नितीनरावांनी मल्हारला विचारलं, “उद्या ते यंत्र बंद पडलं तर?”

“असं अचानक सहसा पडत नाही, काका. बॅटरी उतरायला लागली की कित्येक महिने आधी सांगतं. दर वर्षी तपासणी असते.”

“आणि नाहीच सांगितलं तर?”

मल्हारने खाली बघितलं. मग म्हणाला, “तर नाही सांगितलं. पण ते चांगल्या हृदयाचंही कुठं कळतं, काका? माझे वडील धडधाकट होते.”

नितीनरावांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. मग पाठ फिरवून म्हणाले, “अश्विनी, चल. ईश्वरी, गाडीत बस.”

अश्विनीवहिनी हलल्या नाहीत. उलट वाळूत फतकल मारून बसल्या आणि त्यांनी चिवड्याचा डबा उघडला. “मी येत नाही,” त्या म्हणाल्या. “उजेड आहे अजून. उज्ज्वलाताई, आमच्या दोघांचा ताल काढा.”

“वेड लागलंय का तुला?”

“त्यात वेड कसलं? तीस वर्षं झाली लग्नाला, बघू तरी किती येतोय. सत्तरच्या खाली आला तर मीसुद्धा माहेरी जाते. या, उभे राहा असे.”

एवढा मोठा बागायतदार, पण त्याने माझ्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि एक पाऊल मागे घेतलं. ती भीती मी बरोबर ओळखली. माझ्याच घरची होती.

“आता मागं का सरता?” वहिनी म्हणाल्या. “आपल्या वेळी यंत्र नव्हतं म्हणून झालं आपलं. पोरांच्या वेळी आहे, तर त्यांनी ताटकळायचं होय?”

ही सगळी वादावादी चालली होती तेव्हा ती दोघं कुठं होती? होडीच्या काठावर बसली होती. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. कुठली पोज नाही, काही काम नाही. ईश्वरी रडून रडून थकली होती. तिने मल्हारच्या छातीवर कान टेकला होता, आणि तो पाण्याकडे बघत नुसता बसला होता. ऊन पाठीमागून येत होतं.

स्टँडवरचा कॅमेरा त्यांच्याकडेच तोंड करून होता. मी पडद्यात डोकावले. आणि म्हटलं, “नितीनराव, इकडे या.”

“मला काही बघायचं नाही.”

“डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही म्हणाला होतात ना? मग या, बघा!”

मी ओरडले की लोक येतात. ते आले, वाकले.

“वरचा आकडा कुणाचा?”

“मल्हारचा.”

“सत्तर. हलत नाही.”

“हलणार नाही.”

“आणि खालचा?”

“तुमच्या ईश्वरीचा.”

खालचा आकडा एकशे चौदा होता. पोरीचं काळीज नुसतं उडत होतं. मग एकशे सात झाला. मग नव्व्याण्णव. नितीनरावांनी खिशातून चष्मा काढून लावला. ब्याण्णव. पंच्याऐंशी. पोरगी डोळे मिटून ऐकत होती. सत्त्याहत्तर.

“लहानपणी ताप आला की अशीच झोपायची माझ्या पोटावर,” ते हळूच म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच म्हणाले असावेत.

त्र्याहत्तर. एकाहत्तर. सत्तर.

वर सत्तर, खाली सत्तर. तिथंच राहिले दोन्ही.

“म्हणजे ताल आला?” त्यांनी घाईने विचारलं. “किती आला?”

मी कोपरा दाखवला. तीन.

“असं कसं? समोर दिसतंय की!”

“यंत्राला दोघंही हलायला लागतात, नितीनराव. एक जण जागचा हलू शकत नाही आणि दुसरी चालत चालत त्याच्यापर्यंत आली, हे मोजायला त्याला कुणी शिकवलेलं नाही.”

ते तसेच वाकून बघत राहिले. तेवढ्यात सूर्य पाण्याला टेकला, पाणी लाल झालं, आणि पडद्यावरचे आकडे गेले. वर रेघ, खाली रेघ, कोपऱ्यात रेघ.

“अहो, गेलं! आकडे गेले!”

“आंधळा उजेड आलाय.”

“मग आता काय हो?”

“आता फोटो,” मी म्हटलं, आणि बटणावर बोट ठेवलं. इतक्या वर्षांत त्या बटणाला माझं बोट लागलं नव्हतं. धूळ बसली होती त्याच्यावर. मी वाट बघितली, मल्हारने हनुवटी तिच्या केसांवर टेकवेपर्यंत, आणि दाबलं. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे फोटो कसा आला ते मला लगेच दिसलंसुद्धा नाही.

जाताना नितीनराव स्वातीताईंसमोर थांबले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते म्हणाले, “कळवतो.”

संपलं. स्वातीताईंनी मान खाली घातली. मल्हारने ईश्वरीच्या हातात तिची ओली चप्पल दिली. गाडी गेली. त्या रात्री मी दशरथरावांशी विनाकारण भांडले आणि न जेवता झोपले.

पण हा माणूस वेगळाच निघाला. त्याने खरंच कळवलं! दोन दिवसांनी मल्हारला फोन केला, म्हणाले, तुझ्या डॉक्टरांकडे मला घेऊन चल. पुण्याला गेले, डॉक्टरांना बसवून सगळं विचारलं. बॅटरी कशी बदलतात, बाळंतपणात पोरीला काही धोका आहे का, मुलांना हे होतं का, प्रवास चालतो का. डॉक्टर कंटाळले म्हणे, हे कंटाळले नाहीत. मग तिथूनच थेट दौंडला गेले आणि स्वातीताईंना म्हणाले, “सुपारी कधी फोडायची?”

साखरपुड्याला मांडवाच्या दारातच तो फोटो मोठा करून लावला होता. सगळा लाल-सोनेरी. येणारा प्रत्येक जण आधी चेहरे बघायचा आणि मग वाकून कोपरा बघायचा. कोपऱ्यात रेघ.

“नितीनराव,” त्यांच्या एका चुलतभावाने सगळ्यांदेखत विचारलं, “ताल किती आला? इथं तर नुसती रेघ दिसतीय.”

मी जवळच उभी होते. आता काय सांगतात म्हणून मी कान टवकारले.

“मी होतो तिथं,” नितीनराव म्हणाले. “बघितलंय मी.” आणि पंगतीत मठ्ठा पोचला का ते बघायला निघून गेले.

संध्याकाळी आम्ही दोघं होडीतून परत येत होतो. सौरपट्ट्यांच्या पलीकडे सूर्य टेकायला आला होता. दशरथरावांनी वल्हं आत घेतलं.

“उज्ज्वला, आपला एक काढ की.”

मी कॅमेऱ्याची पिशवी जवळ ओढली. “आत्ता? अहो, हिरवा उजेड संपला. यंत्राला काही दिसायचं नाही आता.”

“म्हनूनच म्हनतोय.”

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे एवढी वर्षं हा माणूससुद्धा घाबरत होता! मला हसावं की रडावं कळेना. मी कॅमेरा होडीच्या टोकाला टेकवला, दहा सेकंदांची वेळ लावली, आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसले. करंगळी अडकवली. ऊन पाठीमागून होतं. हातांचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

“हसा,” मी म्हटलं.